तुमच्या गान्यात मधीच मी बोललो ते

आबा, म्या चोर न्हाई. कोनी इचारलं न्हाई, तरी सांगून राहिलो. लोह्याच्या बसस्टँडसमोर माझं कॅसेटी भरून द्यायचं दुकान होतं, तवा समदेच तसं करीत होते. नांदेडच्या कंपनीनं तुमची गानी एका दुपारी भरून नेली, कागदावर अंगठा घेतला, गळ्यात शेला घातला अन् गेली. आपल्याकडं कॅसेट येईचना. मग म्या नांदेडाहून एक आनली अन् तिच्यावरून लई भरल्या. कंपनीची मानसं धाड टाकायला आली, तवा तुमीच सैपाकघरात ज्वारीच्या कनगीत त्या लपवल्या अन् कनगीला टेकून तंबाखू मळत बसले.

पर शेजारचा दुकानदार माझ्याच कॅसेटीवरून भरून इकायला लागला. माझं डोस्कं फिरलं. चोरी थांबवायची म्हनून म्या कॅसेट भरताना गान्याच्या मधीच बोललो, ही कॅसेट लोह्याच्या बसस्टँडसमोर भरली हाय. घाईत कुठं बोललो ते बगितलं न्हाई. आई गेल्यावर तुमी रचलेलं गानं ते. जन्मभर तिला 'ऐकलं का' म्हनून हाक मारली, नाव कधी घेतलं न्हाई. त्या एका ओळीत घेतलं होतं. नेमकं तिथंच मी. तुमी ऐकलं, मशीन बंद केली. "साऱ्या मुलखाला वाट गानं, माझी ना न्हाई. पर मी तिच्यासंग बोलायलो, तवा तू मधी कामून बोललास?" दुसरी भरतो म्हनलं, अन् त्याआधीच कंपनीची मूळ कॅसेट कोनाला तरी देऊन बसलो.

आता तुमची पणती लातूरला कॉलेजात हाय. तिनं माझ्या कॅसेटीवरलं ते गानं मोबाइलवर साऱ्यांना ऐकायला टाकलं. दुसऱ्या दिवशी गायब. कंपनी म्हनती, गानं आमचं, तुमी चोरलं. पोरीनं मग कंपनीनं टाकलेलं लावलं, तर त्यातबी मधीच मी बोलायलो, लोह्याचं बसस्टँड. त्याइच्याकडं मूळ फीत उरली नसंल. माझ्याच चोरीच्या कॅसेटीवरून घेतलं अन् मलाच चोर म्हनायलेत. पोरगी हसून लोळायली. मला हसू येईना. मी कॅसेटी भरल्या नसत्या तर तुमच्यामागं तुमचा आवाज राहिला नसता. मी बोललो नसतो तर ती ओळ राहिली असती. मग म्या राखलं का नासवलं? कंपनीला शिव्या द्यायला जातो अन् मधीच थांबतो.

पोरगी वही घेऊन बसली. म्हनली, "आजोबा, तुमच्या बोलन्याखाली जी ओळ हाय ती सांगा, मी ती म्हनून मोबाइलवर टाकते." म्या चहा ठेवायला उठलो.

आबा, मला ती आठवत न्हाई. आईचं नाव होतं, तेवढंच. तिला काय म्हनले होते, ते गेलं. हा कागद कुठं टाकायचा न्हाई, माझ्या वहीतच ऱ्हाईल. पोरीला सांगितलं, त्या गान्याचं पुन्हा इचारू नको. तुमीबी इचारू नका. मी काही बोलनार न्हाई.