मनोरा सोडून सगळं बघा

२८ तारीख, मंगळवार

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सगळं ठीक. तुझंही ठीक असेल असं मी धरून चालते, कारण तू लिहितोस चार ओळी आणि त्याही आठवण झाली तर. आता पुढची बातमी बसून वाच. आई, बाबा आणि आत्या शनिवारी तुझ्या शहराला निघालेत. सहल कंपनीची गाडी आहे, आठवडाभर सगळी स्थळं दाखवणार आहेत.

ज्या माणसाने लग्न झाल्यापासून आईला नदीपलीकडचा बाजार दाखवला नाही, त्याने आपण होऊन जाऊन जागा राखून ठेवल्या. कारण विचारलं तर म्हणाले, गुडघे चालतात तोवर बघून घ्यावं. दुकान मी सांभाळणार. काजं-बटणं, पँटची टीप एवढं मला जमतं. कापायचं काम आलं की मास्तर गावाला गेलेत म्हणून सांगायचं ठरलंय.

बाबा रागाच्या भरात म्हणाले की स्वतःचं दुकान काढशील तेव्हाच ये, आणि तू म्हणालास की त्याआधी तोंड दाखवणार नाही. दोघांची अकड एकाच मापाची. त्याला चार वर्षं झाली. तुझा पत्ता माझ्याकडे आहे हे मी कुणाला कळू दिलं नाही, तू गळ्याची शपथ घातली होतीस ना. पण आता ती माणसं तुझ्या दारापर्यंत येतायत. दुकान नसलं म्हणून काय झालं, एवढ्या मोठ्या कारखान्यात कटिंग मास्तर आहेस. आई तुझं नाव काढत नाही आणि तुझं ताट मात्र रोज घासून ठेवते. मला एकदा मोकळं कर. होय म्हणालास तर आईच्या पिशवीत पत्ता घालून देते.

तुझी,
अक्का


३० तारीख, गुरुवार

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

पत्ता घालू नकोस.

मी तुला खोटं लिहीत आलो. कारखाना सुटून दीड वर्ष झालं. तिथे कापडाच्या थप्प्या कापायचं पातं असतं, त्यात उजव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं गेली. रडत बसू नकोस, जखम कधीच भरली. पण कात्री धरता येत नाही आणि सुई तर हातात राहतच नाही. आता मी इथल्या मनोऱ्यावर लिफ्ट चालवतो. तोच मनोरा, जो इथल्या प्रत्येक कॅलेंडरवर असतो. दिवसभर लोकांना वर नेतो आणि खाली आणतो. गणवेश आहे, टोपी आहे, पांढरे हातमोजे आहेत. उजव्या मोज्याच्या दोन बोटांत कापूस भरतो, कुणाला कळत नाही. मी दाढी वाढवलीय, ती मला अजिबात शोभत नाही, तू असतीस तर हसून बेजार झाली असतीस.

अक्का, हा हात बाबांनी तयार केला होता. कात्रीवर माझी बोटं ठेवून वर त्यांची बोटं ठेवायचे आणि दुकानात येईल त्याला सांगायचे की पोराचा हात माझ्यापेक्षा सरळ चालतो. भांडणातही त्यांनी या हाताला नावं ठेवली नाहीत, मला ठेवली. आता ते याच्याकडे बघतील ते मला सोसणार नाही. आणि बघून गप्प बसले तर त्याहून नाही.

एवढंच कर. त्यांना सगळं शहर बघू दे, फक्त मनोरा टाळायला लाव. त्यांना काही सांगितलंस तर मी ही नोकरीही सोडीन, खोलीही सोडीन, आणि मग तुझ्याकडेही पत्ता राहणार नाही. ही धमकी नाही. मला दुसरं काही सुचत नाही म्हणून सांगतोय.

तुझा,
धाकटा


४ तारीख, सोमवार

चि. अक्का हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. खोली बरी आहे. खिडकी उघडली की समोरच्या घरातली बाई भांडी घासताना दिसते, ती आमच्याकडे बघते आणि आम्ही तिच्याकडे. वन्संची पहिल्याच दिवशी सगळ्या गाडीला आपली दुखणी सांगून झाली, आता त्या दुसऱ्यांची ऐकून घेतायत.

काल राजवाडा झाला, आज संग्रहालय. तुझ्या बाबांचं काय सांगू. राजवाड्यात सगळे मान वर करून छतावरचं सोनेरी काम बघत होते आणि हे पहारेकऱ्याच्या मागे उभं राहून त्याच्या कोटाची शिवण बघत होते. मी म्हटलं, एवढ्या लांब आलोय तर भिंती तरी बघा. तर म्हणतात, भिंती कुणी शिवलेल्या नसतात. संग्रहालयातही तेच. जिकडे जावं तिकडे लोकांच्या पाठी. वन्सं म्हणाल्या की भावाला घरीच एखादी पाठ बघायला ठेवलं असतं तरी चाललं असतं.

मीही काही भिंती बघत नाही, हे तुला म्हणून सांगते. तो आपलं गाव सोडून याच शहरात आला होता एवढं तर आपल्याला ठाऊक आहे. रस्त्यात, पुलावर, बसच्या रांगेत त्याच्या वयाचा जो दिसेल त्याचं तोंड बघते. एकाकडे इतकी बघत राहिले की वन्संनी मला ओढून नेलं, तो बिचारा लाजला. इतकी माणसं आहेत इथे, अक्का. आपल्या गावात एवढी तोंडं मी जन्मात बघितली नसतील.

तुला त्याचं पत्र येतं का, असं मी विचारत नाही. येत असेल तर तू न विचारता सांगशील.

शुक्रवारचा दिवस गाडीवाल्यांनी मोकळा सोडलाय. त्या दिवशी मनोरा बघावा की बोटीत बसावं यावर वाद चाललाय. मला उंचीची भीती, वन्संना पाण्याची, आणि ह्यांना कशाचंच काही नाही. तुझं मत लगेच कळव. दुकानाला कुलूप लावताना दोनदा ओढून बघत जा.

तुझी,
आई


६ तारीख, बुधवार

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आत्ताच मिळालं आणि लगेच लिहायला बसलेय, म्हणजे शुक्रवारी सकाळपर्यंत पोचेल. तुम्ही बोटीतच बसा. मनोऱ्याची मी इथे चौकशी केली. पोस्टातले साहेब जाऊन आलेत, ते म्हणतात वर नुसता वारा आहे. खालून धूर येतो त्यामुळे शहर धड दिसत नाही. रांगेत पाय मोडतात. लिफ्ट म्हणे अधूनमधून बंद पडते आणि माणसं मध्येच लटकतात. तुला भोवळ येईल, बाबांचे गुडघे आधीच कुरकुरतात, आत्याचं ब्लडप्रेशर तर विचारायलाच नको. जिना फार अरुंद आहे असंही कळलं. शिवाय तिकडे खिसेकापू फार आहेत. बाकी सगळं बघा, मनोरा सोडून. बोट सुंदर असते असं सगळेच म्हणतात.

दुकान ठीक चाललंय. बँकेतल्या साहेबांची पँट मी टीप घालून दिली, एक पाय जरासा आखूड झाला, त्यांना अजून कळलेलं नाही.

जे तू विचारलं नाहीस त्याचं मी काय सांगू? तो जिथे असेल तिथे ठीक असेल असं म्हणायचं आणि झोपायचं, मी तेच करते. पण झोप येतेच असं नाही. बाबांना आणि आत्याला नमस्कार.

तुझी,
अक्का


९ तारीख, शनिवार

चि. अक्का हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

गाडी दुपारी सुटायची आहे, तोवर हे लिहून टाकते. मग रस्त्यात दोन मुक्काम आहेत, म्हणजे आमच्या आधी पत्र पोचेल.

तुझं पत्र वन्संनी मोठ्याने वाचलं आणि तिथेच सगळं बिघडलं. ह्यांनी ते हातात घेऊन पुन्हा मनात वाचलं आणि बूट घालायला लागले. म्हणाले, अक्काने आजवर कुठल्या गोष्टीला इतकी नावं ठेवलेली नाहीत, तेव्हा मनोरा बघायलाच हवा. वन्संनाही चेव आला. मग मी एकटी बोटीत काय बसणार?

वर जायची लिफ्ट काचेची आहे. आत शिरल्याबरोबर मी डोळे गच्च मिटले ते वर पोचेपर्यंत उघडले नाहीत. त्यामुळे बघितलं काही नाही, पण वन्संनी सांगितलं ते ऐकून लाजेने मेले. तो लिफ्टवाला आमच्याकडे पाठ करून बटणं दाबत होता, तर ह्यांनी मागून त्याच्या खांद्यावरचं कापड चिमटीत धरलं, ट्रायल घेताना धरतात तसं. कोट अंगाचा नाही म्हणाले. मग हात तसाच खांद्यावर ठेवून उभे राहिले. तो माणूस भला, वळून काही बोलला नाही.

वर गेल्यावर हे बाकावर बसले. शहराकडे एकदाही बघितलं नाही. मी विचारलं, चक्कर आली का, तर नाही म्हणाले. आम्ही शेजारच्या दुसऱ्या लिफ्टने खाली उतरलो आणि हे पुन्हा तिकिटाच्या रांगेत. एकटेच वर जाऊन आले. मग तिसऱ्यांदा गेले. वन्सं म्हणाल्या की म्हातारपणी लिफ्टचा नाद लागला. तिसऱ्यांदा खाली आले ते मात्र एकदम थकलेले दिसले, मी हात धरून बसपर्यंत आणलं. तुझं ऐकायला हवं होतं.

शहर बघून झालं, अक्का. सगळं बघितलं आणि काहीच दिसलं नाही.

तुझी,
आई


९ तारीख, शनिवार

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

ते आले. तू काय लिहिलंस माहीत नाही, पण आले.

मी त्यांना रांगेतच बघितलं. आई वाळलीय. आत शिरली तेव्हा ती माझ्यापासून हातभरावर होती आणि तिचे डोळे मिटलेले होते. मी टोपी खाली ओढली आणि बटणांकडे तोंड केलं. आता बटणं डाव्या हाताने दाबतो आणि उजवा पाठीमागे दुमडून ठेवतो, लोकांना दिसू नये म्हणून. काल तो बरोबर बाबांच्या डोळ्यांसमोर होता. हे मला नंतर सुचलं.

त्यांनी माझ्या डाव्या खांद्याला हात लावला. तुला आठवतं ना, माझा डावा खांदा उतरता आहे, बाबा लहानपणापासून त्यात एक घडी जास्त घालायचे. इथला गणवेश तयार मिळतो, तो तिथे लोंबतो. पण कुणाचाही कोट दिसला की बाबांचा हात जातोच, म्हणून त्यांनी ओळखलं असं मी म्हणत नाही. तुला त्यांची रीत ठाऊक आहे. ट्रायल घेताना ते गिऱ्हाइकाला कधी धरून फिरवत नाहीत, हात ठेवून थांबतात, माणूस आपणहून वळेपर्यंत. तसाच हात होता तो. मी वळलो नाही.

दुसऱ्यांदा ते एकटे आले आणि तसेच मागे उभे राहिले. खाली आल्यावर पाळीवरच्या जोडीदाराकडे लिफ्ट सोपवली आणि मी मशीनच्या खोलीत जाऊन बसलो. नंतर तो म्हणाला की म्हातारबाबा तिसऱ्यांदा आले होते, आधीचा माणूस कुठे गेला ते विचारत होते.

कशाला विचारत होते ते मला ठाऊक नाही. हात बघितला असेल तर काय तोंडाने भेटू? मी नोकरी आजच सोडली, खोली उद्या सोडतो. या पत्त्यावर लिहू नकोस. कुठे टेकलो की कळवीन. आईला सांभाळ.

तुझा,
धाकटा


२४ तारीख, रविवार

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे मनोऱ्याच्या पत्त्यावर, तुझ्या त्या जोडीदाराच्या नावे टाकतेय. तुझ्या घरमालकाने माझं आधीचं पत्र परत पाठवलं. याने तरी तुझा माग ठेवला असेल या आशेवर लिहितेय.

बाबा घरी आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच टेबलावर निळं कापड पसरलं. कुणाचं माप घेतलं नाही, वही उघडली नाही, सरळ कापलं. मी विचारलं, कुणाचा कोट? म्हणाले, गिऱ्हाइकाचा. दहा दिवस तेच चाललं होतं. काल तयार झाला. आई तो खुंटीवर अडकवायला गेली आणि तिचा हात डाव्या खांद्यावर पडला. आत जास्तीची घडी होती. ती तशीच उभी राहिली. मग तिने पुढची बाजू बघितली. बटणं नव्हती. डाव्या हाताने लागतील असे मोठे हूक होते.

आईने विचारलं, हूक का? बाबा म्हणाले, त्याला बटणं लावायला जमणार नाही.

पुढचं मला लिहवत नाही, पण लिहिते. आई एवढंच म्हणाली की मी डोळे मिटले होते, तुमचे उघडे होते, मग मला हाक का मारली नाहीत. बाबांनी तिच्या हातातून कोट घेऊन खुंटीला लावला. मग म्हणाले की तो पाठ करून उभा होता, आणि पाठ केलेल्या माणसाला मी आयुष्यात फिरवलं नाही. दुसऱ्यांदाही धीर झाला नाही. तिसऱ्यांदा गेलो तो त्याला धरून फिरवायलाच गेलो होतो, तेव्हा तो तिथे नव्हता.

मी शपथ मोडली. सगळं सांगितलं, तुझी पत्रं दाखवली. बाबा चिडले नाहीत. फक्त पत्ता मागितला, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे तो नव्हता. आता आई माझ्याशी कामापुरतं बोलते. तिचं चुकत नाही.

कोट खुंटीवर आहे. येणारे जाणारे विचारतात, बाबा सांगतात की गिऱ्हाईक येईल. संध्याकाळी दुकान बंद करताना त्यावर फडकं टाकतात आणि सकाळी काढतात. दुकान काढलंस की नाही हे कुणी विचारणार नाही, तू फक्त ये. नाहीतर कुठे आहेस ते तरी कळव.

आमचा लोभ आहेच. तो वाढायला आता फक्त तुझा पत्ता हवा.

तुझी,
अक्का