लिं. गुरुपादप्पा यांजकडून

कंधार, सोमवार

चि. मल्लिनाथ यास थोरल्या भावाचे पोटभर आशीर्वाद. इकडे माझा गुडघा सोडला तर सगळं ठीक आहे आणि मी जिवंत आहे. (एरवी ही गोष्ट पत्रात लिहायची नसते, पण का लिहिली ते पुढे कळेल.) तुझी शुगर कशी आहे? अंबिकाची कंबर? लातुरात लग्नघरी सगळ्यांची धावपळ चालली असेल. तुझ्या लेकीला, दामिनीला सांग, तिचा थोरला काका, तिचा दोड्डप्पा, तिच्यावर रागावलेला न्हाई. रागावलाय तो तुझ्यावर.

झालं असं. शुक्रवारी सकाळी मी आपल्या छापखान्याच्या ओट्यावर चुरमुऱ्यांचा सुशीला खात बसलो होतो. तर आपले शेषेराव गुरुजी आले, खांद्यावर पांढरा टॉवेल, डोळे लाल. मला बघून जागीच थांबले. आधी नमस्कार केला, मग जवळ येऊन चिमटा काढला, स्वतःला न्हाई, मला. (त्यांचंही काही चुकलं न्हाई. हल्ली ते फोनमधून गणिताची शिकवणी घेतात, समोर पोरं आहेत का भिंत ते त्यांना दिसत न्हाई, त्यामुळे खरा माणूस भेटला की हात लावून बघायची सवय लागलीय. त्यांच्या शाळेच्या प्रश्नपत्रिका मी छापायचो, त्याही आता फोनमध्येच जातात.) मी म्हटलं, गुरुजी, काय झालं? तर त्यांनी फोन काढून दामिनीच्या लग्नाची पत्रिका दाखवली. गणपती हलतोय, सनई वाजतेय, फुलं पडतायत, आणि खाली निमंत्रकांत पहिलंच नाव: लिं. पार्वतम्मा व गुरुपादप्पा.

मल्लिनाथा, चाळीस वर्षं मी छपाईचे खिळे जुळवले, एकेक अक्षर हातानं. बाकीच्यांच्या पत्रिकेत गेलेल्या माणसाला कै. लागतं, आपल्यात लिं., माणूस लिंगैक्य झाला म्हणून. एवढंसं अक्षर आणि एक टिंब. अर्ध्या तालुक्याच्या पत्रिका छापल्या, पण जित्या माणसाला ते टिंब मी कधी लावलं न्हाई. दामिनीला फोन केला तर पोरगी रडायलाच लागली. त्या फोनातल्या साच्यात म्हणे नवराबायकोला मिळून एकच उपाधी बसते. तिनं काकूसाठी लिं. निवडलं, त्याबरोबर मीही गेलो. आता बोल! तुझी वहिनी गेली त्याला फाल्गुनात वर्ष होईल. तिच्यामागं जायचं माझ्या मनात लई वेळा आलं, पण असं साच्यातून जाईन असं वाटलं न्हवतं.

दुपारपर्यंत कळस झाला. आपला रामलिंग, त्याचं साप्ताहिक मी सव्वीस वर्षं छापलं, आता तो बातम्या फोनवरच देतो. त्यानं माझा हार घातलेला फोटो टाकला, हारही फोनातलाच, आणि खाली लिहिलं की खिळ्यांचा जादूगार हरपला. (सव्वीस वर्षांत या माणसानं एकदाही, अंक बरा निघाला, असं म्हटलेलं न्हाई.) त्याला जाऊन भेटलो. म्हणालो, बाबा, काढ ते. तर म्हणतो कसा, हाव, काढतो, पण लोक लई बघून राहिलेत, संध्याकाळपर्यंत राहू द्या की. मग मीच समाजाच्या ग्रुपवर एका बोटानं टाइप केलं, मी जिवंत आहे. त्यावर बहात्तर जणांनी हात जोडले आणि बिलोलीच्या एका पाहुण्यानं हार्दिक अभिनंदन लिहिलं. वाचलं कुणीच न्हवतं.

शेवटी तुला फोन लावला. तू काय म्हणालास आठवतं का? म्हणालास, अण्णा, जाऊ द्या हो, पत्रिकेतली नावं कोण वाचतंय! आणि मेसेज टाकलाय की, या लग्नाला. मी फोन ठेवून दिला. अरे, नावं वाचूनच तर आपल्या घरी लोक भांडायला यायचे. अमक्याचं नाव खाली का, तमक्या मावशीचं गाळलं का, म्हणून विरूपाक्ष मामा आठ वर्षं आपल्याकडे पाणी प्यायला न्हाई. तेव्हा वैताग यायचा. आता वाटतं, भांडायला तरी कुणी यावं. तुझी वहिनी समोर बसून प्रूफ मोठ्यानं वाचायची, मी मूळ कागद धरायचो. काना चुकला तरी तिला दिसायचं. तिनं हे टिंब उंबऱ्याबाहेर जाऊ दिलं नसतं.

म्हणून ठरवलंय, मी लग्नाला येणार न्हाई. मेलेला माणूस मांडवात आला तर वरपक्षाकडचे घाबरतील. पोरीला आशीर्वाद आहेतच. तू आपलं उरकून घे.

तुझा (अजून तरी)
गुरुपादप्पा

ता. क. पायानं चालवायचं ते ट्रेडल मशीन पुढच्या आठवड्यात भंगारवाला नेणार आहे. तोवर पाय चालतोय तर चालवावा म्हणून, शेवटचं काम म्हणून, दामिनीच्या शंभर पत्रिका छापल्या. कंधार-लातूर गाडीच्या कंडक्टरकडे या पत्राबरोबर गठ्ठा देतोय. वाटल्या न्हाईत तरी चालेल, एक तेवढी पोरीच्या हातात दे.

दुसरं. त्यातलीच एक घेऊन तू स्वतः ये. कुंकू लाव, अक्षता ठेव, आणि दारात उभं राहून म्हण, अण्णा, लग्नाला चला. एवढं म्हटलंस की झालं. धोतर धुऊन ठेवलंय, पिशवी बुधवारपासून भरलेली आहे.

तिसरं. गठ्ठा बांधल्यावर दिसलं. निमंत्रकांत पहिल्या ओळीला 'श्री. व सौ. पार्वतम्मा गुरुपादप्पा' असं जुळवलं गेलंय. चाळीस वर्षांची सवय, हात तिकडेच गेला. प्रूफ वाचायला समोर कुणी न्हवतं. शंभरच्या शंभर तशाच निघाल्यात. खोडू नको. नावं कोण वाचतंय, तूच म्हणालास.