बंपर, नळकांडं आणि निळी बादली

हे अजून गाडीखालीच आहेत. बाहेर फक्त पाय दिसतात, त्यातल्या एकात चप्पल आहे. मैल्याचा पाईप मागच्या बंपरमध्ये अडकला आहे आणि तो माझ्या उलथन्याने पुढे ढकलता येतो का, हे पाहणं चालू आहे. (उलथनं मी परत मागणार नाही.) तेवढ्यात पत्र लिहायला घेतलं. ताई, तुम्हाला आणि भावजींना नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? भावजी गोळी वेळेवर घेतात ना? आम्ही दोघं बरी आहोत. म्हणजे मी बरी आहे आणि यांचे पाय अधूनमधून हलतात. फोनच केला असता, पण या गाडीत एका टोकाला कुजबुजलं तरी दुसऱ्या टोकाला ऐकू जातं, आणि मला जे सांगायचं आहे ते यांच्या कानावर जाऊन चालणार नाही.

तुम्हाला माहीत आहे तेच आधी लिहिते, कारण मला ते एकदा ओळीने मांडून बघायचं आहे. दोघा भावांनी निवृत्त झाल्यावर ही राहायची गाडी भागीत घेतली. अर्धं वर्ष तुमच्याकडे, अर्धं आमच्याकडे. ओटा, पलंग, संडास, सगळं चाकांवर. संडासाखाली टाकी, आणि ती भरली की जाड पाईप लावून गाड्यांच्या तळावरच्या गटारात रिकामी करायची. विकणाऱ्याने सगळं हौसेने दाखवलं. काम झाल्यावर तो पाईप, त्याचे जोड, वाकडा कोपरा, रबरी कड्या आणि हातमोजे ठेवायचे कुठे, एवढंच त्याने सांगितलं नाही. त्या एका जागेपायी दोन सख्खे भाऊ बोलेनासे झाले. लोकांचं जमिनीवरून होतं, निदान सांगता तरी येतं.

भावजींचा जन्म बँकेच्या तिजोरीत गेला. त्यांनी गाडीच्या पोटाखाली प्लॅस्टिकचं लांब नळकांडं बसवलं. एक टोक कायमचं बंद, दुसऱ्याला झाकण, झाकणाला दोन कुलपं, आणि बँकेच्या शिरस्त्याने एक किल्ली त्यांच्याकडे, दुसरी तुमच्याकडे. दोन माणसं हजर असल्याशिवाय पाईप निघता कामा नये. तो कोण चोरणार, हे मी विचारलं नाही, मी धाकटी. पुढे तुम्ही प्रवासात मधेच उतरून बहिणीकडे गेलात, किल्ली पर्समधून तुमच्याबरोबर गेली, आणि भावजी भरलेल्या टाकीवर तुमची वाट बघत बसले. (तुम्ही मुद्दाम गेला नव्हतात, असं मी सगळ्यांना सांगते.)

यांचा जन्म भूमिती शिकवण्यात गेला. गाडी आमच्याकडे आल्यावर यांनी पहिल्याच दिवशी नळकांडं उतरवलं आणि पाईप पोकळ बंपरमध्ये ठेवायचं ठरवलं. कागदावर आकृती काढली, पाईपाचा व्यास, बंपरची आतली रुंदी, सगळं जुळलं. पाईपाच्या टोकांना जोड असतात आणि ते पाईपाहून जाड असतात, हे आकृतीत नव्हतं. म्हणून जोड प्रत्येक वेळी काढून वेगळे ठेवायचे. कुठे, ते मला चहा ढवळताना कळलं. चमच्यांचा खण उघडला तर चमच्यांत कोपरा. म्हणाले, "धुतलाय." मी खण लावून घेतला. त्या दिवसापासून आम्ही चहात साखर घेत नाही.

मागच्या वर्षी गाडी तुमच्याकडे परत देताना भावजींनी वाकून बंपरमध्ये पाहिलं आणि म्हणाले, "शाळेत हेच शिकवत होतास का?" हे म्हणाले, "निदान मुलांना कुलूप घालून नव्हतो शिकवत." एवढंच झालं. मग दोघांनी आपापल्या गाड्यांचे दरवाजे हळूच लावले, ते मला जास्त लागलं. तेव्हापासून गाडी तिकडे गेली की नळकांडं चढतं, इकडे आली की उतरतं, आणि एकाचा निरोप दुसऱ्याला आपल्या दोघींमार्फत. एका गोष्टीवर मात्र त्यांचं एकमत आहे, तेही आपणच इकडून तिकडे पोचवलं: ही फेरी झाली की गाडी विकून टाकायची.

मला गाडी विकायची नाही, ताई. घरी मला एवढ्या खोल्या झाडायच्या असतात की मी बसलेली कुणी बघत नाही. इथे दोन कप, एक पातेलं आणि ओट्यासमोर हातभर खिडकी. खिडकीत रोज वेगळं झाड असतं. तुम्हीही म्हणाला होतात, या गाडीत मला रात्रभर सलग झोप लागते. हे आपण दोघींनी त्या दोघांना कधी सांगितलं नाही. त्यांना वाटतं, गाडी त्यांनी त्यांच्यासाठी घेतली.

मध्ये उठावं लागलं. आता दुपार झाली आहे. झालं ते सांगते. परवा मी जोडांना गाडीच्या आत आणायला बंदी केली, म्हणून काल यांनी एक जोड पाईपाला तसाच ठेवून पाईप जोर लावून बंपरमध्ये सारला. सारला गेला, पण निघेना. टाकीचा लाल दिवा कालपासून लागलेला. आमचा संडास बंद, आणि तळाच्या पार दुसऱ्या टोकाला सार्वजनिक असतो तिथे आम्ही टॉवेल घेऊन फिरायला निघाल्यासारखे जात होतो. आज उलथनं आत गेलं, तेही येईना. मग मी गाडीखाली वाकून विचारलं, "बंपरला दुसरं टोक नसतं का?" पाय हलायचे थांबले. आतून आवाज आला, "असतं." दुसऱ्या टोकाचं बूच यांनीच स्क्रूने पक्कं केलं होतं, पाणी जाऊ नये म्हणून. ते काढलं. मी तिकडून ओढलं, यांनी इकडून ढकललं. हा पाईप स्प्रिंगसारखा असतो. तो लांबत लांबत आला, मी मागे मागे शेजारच्या गाडीच्या दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांपर्यंत गेले, आणि मग जोड सुटला. मी बसले. शेजारीण चहाचा कप हातात धरून पाहत होती. म्हणाली, "पहिल्यांदाच का?" मी म्हटलं, "नाही, दुसरं वर्ष."

टाकी रिकामी झाली, पाईप धुतला. हे तो दोन्ही हातांत घेऊन उभे राहिले आणि पुन्हा बंपरकडे बघू लागले. पाईपातून पाणी गळत होतं. मी माझी कपड्यांची निळी बादली पुढे केली. पाईप तिच्यात गोल बसला. मधल्या जागेत कोपरा, जोड, कड्या, वरती हातमोजे. झाकण लावलं. बादली मागच्या बाहेरच्या कप्प्यात गेली, तिथे अजून थोडी जागा उरली. हे बराच वेळ कप्प्यात बघत होते. मग म्हणाले, "तात्पुरतं ठीक आहे." आणि कागद घेऊन टपावरच्या नवीन नळीची आकृती काढायला बसले.

तेव्हा मी खोटं बोलले. मी म्हटलं, "भावजींनीही नळकांडं सोडलं म्हणे. पुढच्या वेळी झाकणाची बादलीच ठेवणार आहेत. ताई सांगत होत्या."

"दादानं नळकांडं सोडलं?"

"सोडलं."

"स्वतःहून?"

"स्वतःहून."

यांनी पेन्सिल खाली ठेवली. आकृतीचा कागद घडी करून खिशात घातला, फाडला नाही. मग म्हणाले, "बरोबर आहे. तो अविचारी नाही." सगळ्यांना आशीर्वाद आणि नमस्कार.

तुमची,
धाकटी जाऊ

ता. क. मुद्दा हा की तुम्हीही तिकडे असंच सांगा. यांनी बंपर आपणहून सोडला आणि बादली आणली, असं भावजींना वाटू द्या. आपला हट्ट पहिल्यांदा कुणीच सोडत नाही. दुसऱ्याने सोडल्यावर मात्र दोघंही मोठ्या मनाचे आहेत. पत्र मिळताच सांगा, कारण विकत घेणारा रविवारी गाडी बघायला यायचा आहे.

ता. क. दुसरा. माझी कपड्यांची बादली गेली. गाडी घ्यायला याल तेव्हा एक आणा. आणि एक उलथनं.

ता. क. तिसरा, दुसऱ्या दिवशी सकाळी. पाकीट चिकटवायचं राहिलं ते बरं झालं. हे उठले, मागचा कप्पा उघडून झाकणावर हात फिरवला आणि आत येऊन भावजींना फोन लावला. मी ओट्याशी होते, दोन्ही बाजूंचं ऐकू येत होतं. हे म्हणाले, "दादा, बादली चांगली सुचली तुला." माझ्या हातातला कप तसाच राहिला. मग भावजी म्हणाले, "मग. मी कधीचं म्हणतोय." त्यावर दोघं पुष्कळ वेळ बोलले, झाकण घट्ट हवं की सैल, तळाला भोक हवं की नको. शेवटी भावजी म्हणाले, "त्या रविवारच्या माणसाला नको म्हणून कळव."

तेव्हा वरचा पहिला ताजा कलम सोडून द्या, भावजींना काही सांगू नका. पत्र पोचेपर्यंत ते तुमच्याभोवती घुटमळत असतील. विचारणार नाहीत. आपणहून सांगा: निळी, कपड्यांची, झाकण दाबून बसणारी. आणि तिला कुलूप लावू देऊ नका.

चहा झाला, आता निघतो आहोत. आज मी साखर घातली होती. यांनी खण उघडून चमचा काढला, ढवळलं आणि प्यायले.