मास्तर ‘नाही’ म्हणाले नाहीत

भोर,
रविवार, ३० मार्च १९५८

प्रिय आनंदराव,

अक्षर ओळखलं असशील. वर्गात सगळ्यांत गचाळ अक्षर माझं आणि कारकुनी आली तीही माझ्याच वाट्याला, यावर तू पोट धरून हसायचास. सात वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही. आज तुमच्या चर्चचा झावळ्यांचा रविवार, आता आठवडाभर तुला उसंत नसणार, हे ठाऊक असून लिहितो आहे. सौदामिनी मजेत आहे. शैलजा दुसरीत गेली, जिभेनं तिखट, थेट आईवर गेली आहे. मी अजून वेल्ह्याच्या कचेरीतच आहे. शनिवारी भोरला येतो, सोमवारच्या पहिल्या एसटीनं परत. खुशाली झाली. आता ज्यासाठी कागद पुढे ओढला ते लिहितो. हैबतीच्या वाडीवर जळालेल्या गवताच्या गंज्या, आणि तेव्हापासून तुझ्या नावाला चिकटलेला तो डाग.

एक्कावन्न साल, होळीचा आदला दिवस. मला गुरामेंढरांच्या शिरगणतीसाठी वर जायचं होतं. तू वाडीवरचा मास्तर, खडू न्यायला खाली उतरला होतास, म्हणून दोघं बरोबर निघालो. मी चढणीवर धापा टाकतोय आणि तू तुझ्या प्रभूच्या शेवटच्या आठवड्याचं सांगतो आहेस. तुझं सांगणं प्रवचनाचं नव्हतंच कधी. शेजारच्या आळीत काल घडलेलं सांगावं तसं तू सांगायचास. तो गाढवावर बसून शहरात आला, कमरेला पंचा गुंडाळून त्यानं शिष्यांचे पाय धुतले. गुरूनं शिष्यांचे पाय धुवायचे, हे माझ्या भोरच्या संस्कारांना काही केल्या पचेना. मग ती बाग, तो घाम, आणि चार पावलांवर घोरत पडलेले मित्र. मला फाटे फोडायची हौस. म्हटलं, सगळी देवाचीच योजना होती ना, मग त्या बिचाऱ्यांना बोल कशाला लावता? तू थांबलास, मान पुसलीस आणि म्हणालास, योजना क्रुसाची होती वसंता, झोप त्यांची स्वतःची. मी हसलो. मग तू जे म्हणालास ते अजून माझ्या कानात आहे. शिष्यांतल्या पेत्रानं कोंबडा आरवायच्या आत नाकारलं, यहूदानं धरून दिलं, चुकले दोघेही. पण यहूदानं गळफास घ्यायची घाई केली. त्यानं आणखी तीन दिवस कळ काढली असती, तर किनाऱ्यावर भाजलेल्या मासळीच्या न्याहारीला थडग्यातून उठलेल्या प्रभूनं त्यालाही हाक मारली असती.

हे तू सांगत होतास तेव्हा आपण गंज्यांपाशी टेकलो होतो आणि मी विडी ओढत होतो. वडिलांच्या धाकानं डोंगरातच काय ती ओढायला मिळायची. थोटूक टाकलं. तू विचारलंस, विझली का रे? मी म्हणालो, केव्हाच. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. आपण वाडीवर पोचून पाणी पीत होतो तोवर खाली धूर उठला. दसऱ्यानंतर कापून रचलेलं, पावसापर्यंत पुरवायचं गवत दोन घटकांत गेलं. होळीच्या आधीच होळी झाली म्हणून बायका रडत होत्या.

दुसऱ्या दिवशी खंडोबापुढे सगळे जमले. त्या वाटेनं आलेले आपण दोघंच. हैबती वाडीचा म्हातारा कारभारी, पण आवाज चढवला नाही त्यानं. म्हणाला, “मास्तर, बेलभंडार उचला आन् सांगा, तुमच्या हातून न्हाई.” तू म्हणालास, आमच्यात शपथ वाहत नाहीत. त्यावर तो भला माणूस म्हणाला, “ऱ्हाऊ द्या शपत. नुस्तं न्हाई म्हना. आमी मानतू.” अरे, नुसतं ‘नाही’ म्हणायचं होतं तुला, आणि ते खरं होतं! पण तू ‘नाही’ म्हटलं असतंस तर उरलो असतो मी एकटा. तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस, उगाच नजरेनंही बोट दाखवायला नको म्हणून. खाली बघत गप्प उभा राहिलास. मग मी पुढे झालो, बेल उचलला, कपाळी भंडारा लावला आणि खणखणीत आवाजात खोटं बोललो. कोंबडा आरवला नाही, एवढंच.

त्याच्या पुढचा दिवस तुमचा शुभ शुक्रवार, प्रभूला क्रुसावर दिलं तो. त्या दिवशी तू खालच्या खोऱ्यात दारोदार मागून गवताचा भारा डोक्यावर घेऊन वाडीवर चढलास. लोक पाठ फिरवून बसले. तू भारा हैबतीच्या गोठ्यापाशी टाकलास आणि दुसरा आणायला उतरलास. पाऊस पडेपर्यंत, शाळा सुटली की रोज. मी कचेरीच्या खिडकीतून बघायचो. पोरं शाळेला येईनाशी झाली, शाळा बंद पडली, तू किकवीला गेलास. एसटी तिथं थांबली की मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरतो, तेही अनेकदा उलटं. साहेबलोक पाहिले, संस्थानातले मानकरी पाहिले, पण तुझ्याएवढा मोठा माणूस मी पाहिला नाही. हे तुला तोंडावर कधी सांगितलं नाही, कारण सांगायचं तर पुढचंही सांगावं लागलं असतं.

गेल्या सोमवारी हैबती कचेरीत आला. वाडीला पुन्हा शाळा हवी, अर्ज लिहून द्या म्हणाला. मी लिहायला घेतलं. तो सांगत होता, “लिवा भाऊसायेब, मास्तर द्या, पन त्यो गंज्या जाळनारा नगं.” तुझ्याविरुद्ध तेच खोटं या वेळी माझ्याच अक्षरात उतरायचं होतं. टाक जागीच थांबला. मी म्हटलं, शुक्रवारी वर येतो, अर्ज तिथंच लिहू. तू दिलेलं काळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक पेटीच्या तळातून काढलं आणि तो आठवडा पुन्हा वाचला. बुधवारी रजा काढून भोरला आलो, सौदामिनीला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, चप्पल जाड घाला, चढण आहे.

परवा देवळापुढे उभा राहून सांगून टाकलं. गवतापेक्षा खोट्या बेलभंडाराचं त्यांना जास्त लागलं. दसऱ्यानंतर महिनाभर त्यांच्याबरोबर गवत कापायचं, ही शिक्षा मला झाली आहे. विळा कुठून धरतात तेही मला ठाऊक नाही, आणि मी आनंदानं कबूल केलं आहे. पण हैबतीची बायको सारजाबाई पुढे आली आणि तिनं विचारलं, “मास्तराला ठावं हुतं?” होय म्हटलं. “मग त्यो गप का ऱ्हायला?” मी तुझ्या प्रभूचंच सांगितलं, आठवेल तसं, तोडकंमोडकं. मेंढपाळाला मारलं आणि मेंढरं पांगली म्हणताच म्हाताऱ्यानं मान हलवली. मित्र झोपले म्हटल्यावर सारजाबाई कडाडली, “मेल्यांना तासभर जागता आलं न्हाई? आमी लांडग्यापायी रात रात जागतो!” चौकशीत राज्यपालापुढे प्रभू गप्प उभा राहिला, हे सांगताना हैबतीनं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मला म्हणाला, “अर्ज फाडा. नवा लिवा. त्योच मास्तर द्या म्हनावं.” तो अर्ज मी लिहिला आहे आणि खाली सगळ्या वाडीचे अंगठे आहेत.

पण पत्र अर्जासाठी नाही. क्षमा मागतो, पण पत्र तिच्यासाठीही नाही. ती दे किंवा देऊ नकोस. वाडीवर सांगताना प्रभूला थडग्यात ठेवलं, तोंडाशी धोंड लोटली, इथवर मी आलो आणि अडलो. सारजाबाई म्हणाली, “आन् म्होरं?” तिथवरचं सगळं माझ्या ओळखीचं होतं, झोपणं, पळणं, नाकारणं. पुढचं माझ्या तोंडी शोभेना. म्हटलं, पुढचं मास्तर सांगतील. येत्या रविवारी अख्खी वाडी मेंढरं वाड्यात कोंडून देवळापुढे बसणार आहे, आणि हैबती तुला न्यायला वेल्ह्याच्या स्टँडवर उभा असेल. त्यांच्यासाठी तुझा प्रभू अजून धोंडेमागेच आहे रे. ये आणि पुढचं सांग.

तुझाच,
वसंत