सुखीबाईला सांगायचं होतं

रविवार, १२ जानेवारी २०२५

केनियातल्या चर्चची मंडळी आली. चौघं. सकाळी उपासना, मग जेवण, मग चष्म्यांच्या शिबिराची बैठक. पास्टरांनी पुन्हा बजावलं – गावात चष्मे द्यायचे, प्रवचन नाही. मग माझ्याकडे वळले. "दरवर्षी विजयमालाबाई दुभाष्याचं काम करायच्या. यंदा तुम्ही करा." मी नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत त्यांनी पुढचा विषय काढला!

इंग्रजी मला येतं. एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात नकाशे काढले, शेरे सगळे इंग्रजीत. पण बोलायचं काम आमच्या घरात बायकोकडे, विजयमालाकडे होतं. ती गेली त्याला चार महिने झाले.

सोमवार, १३ जानेवारी

मारेगावच्या पलीकडचा बंजाऱ्यांचा तांडा. जीप वाहिदची. दरवर्षी तोच नेतो. पाहुण्यांनी भिंतीवर इंग्रजी अक्षरांचा तक्ता टांगला. बायका बघून हसायलाच लागल्या. सुखीबाई त्यांच्यात सगळ्यात म्हातारी. म्हणाली, "हे मुंगळे कायले टांगले जी? तुमची बाई तं सुपात तांदूळ द्यायची. खडा दिसला का चष्मा बरोबर!"

एस्थरबाईंनी (त्या पाहुण्यांच्या प्रमुख, वय साठीचं) विचारलं, काय म्हणतायत? मी फक्त मुंगळ्यांचं सांगितलं. पोट धरून हसल्या.

मग सुखीबाईनं विचारलंच. "बाई काहून नाही आली?"

मी म्हणालो, बरं नाही तिला.

कसं निघालं तोंडातून कोण जाणे! परत घेता आलं असतं. नाही घेतलं.

सुखीबाई घरात गेली आणि तुरीच्या ओल्या शेंगांची पिशवी घेऊन आली. "मीठ टाकून उकडून द्या तिले. तोंडाले चव येते."

 येताना मारेगाव मागे पडल्यावर वाहिद म्हणाला, "साहेब, राह्यलेले चष्मे द्यायले शुक्रवारी पुन्हा यायचंच हाय. तवा काय बोलसान?"

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. शेजारून तिळगूळ आला. शेंगांना हात लावला नाही.

बुधवार, १५ जानेवारी

एस्थरबाई घरी भेटायला आल्या. वाहिदनं आणून सोडलं, तोही बसला. पास्टरांनी त्यांना सगळं सांगितलं होतं. चहा घेतला. त्यांचाही नवरा गेलाय, सहा वर्षांपूर्वी. तिकडे माणूस गेलं की माती देईपर्यंत रोज संध्याकाळी शेजारी जमतात, गातात म्हणे. घर भरलेलं असतं. मी म्हटलं, आमच्याकडे लोक येतात, बसतात, उठून जातात. एवढंच बोलणं झालं. तिचा फोटो मात्र बराच वेळ बघत होत्या.

निघताना दारात वळून मोठ्यांदा म्हणाल्या, "येते!"

वाहिदनं शिकवलेलं. मराठीत 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. पण दुखवट्याच्या घरून निघताना तेही म्हणायचं नसतं. असल्या कारणानं पुन्हा यायला नको म्हणून. हे सांगायचं राहिलं होतं. वाहिदनं जीभ चावली. "माफ करा साहेब, त्यायले माहीत नाही."

चार महिन्यांत किती लोक या दारातून न बोलता निघून गेले. येते म्हणणारी ही पहिलीच. मी म्हणालो, "या." बरं वाटलं. खरंच बरं वाटलं!

गुरुवार, १६ जानेवारी

उद्या सांगायचं. पहिलं तेच, जीपमधून उतरल्या उतरल्या. वाक्य ठरवून ठेवलंय.

शुक्रवार, १७ जानेवारी

ठरवलेलं वाक्य विसरलो. सुखीबाई वाटेवरच उभी होती. "बाईले उतार पडला का?"

म्हटलं, "सुखीबाई, ती सप्टेंबरातच गेली. सोमवारी मी खोटं बोललो."

आधी तिला कळलंच नाही. मग म्हणाली, "चार दिस! चार दिस मी सेवालाल महाराजापाशी दिवा लावून राह्यली तिच्यासाठी! बरं वाटू दे म्हनून! अन् तुमी..."  तिथंच बसून तिनं गळा काढला. बायका धावल्या. एस्थरबाई तिच्याशेजारी मातीत जाऊन बसल्या. मी उभाच. चार महिन्यांत माझ्या डोळ्यांतून आलं नव्हतं ते तिथं आलं, सगळ्यांसमोर. वाहिदनं पाण्याची बाटली दिली, तोंड दुसरीकडे करून.

बऱ्याच वेळानं सुखीबाईनं पदरानं तोंड पुसलं. "शेंगा?"

"तशाच आहेत."

"वाळल्या असन. फेका त्या."

आणि घरातून सूप घेऊन आली. तांदूळ, त्यात मूठभर बारीक खडे. "बाईचं काम तुमाले येते का?"

"बघितलं नाही कधी."

"मंग बसा खाली."

बसलो. आधी मलाच निवडायला लावलं. माझा चष्मा घालूनही दोन खडे राहिले! "भाऊ, पयला चष्मा तं तुमालेच पाह्यजे!" बायका हसल्या. मीही.

एस्थरबाईंनी तक्ता गुंडाळून जीपमध्ये टाकला. दुपारपर्यंत सव्वीस जणींचे नंबर सुपावरच काढले. सोमवारचे सात चुकीचे निघाले, बदलून दिले. एका बाईनं नव्या चष्म्यातून आधी स्वतःच्या हाताचं गोंदण बघितलं, मग एस्थरबाईंचं तोंड. दोघी एकमेकींच्या तोंडाला हात लावून बघत होत्या.

निघताना सुखीबाईनं दुसऱ्या शेंगा दिल्या. म्हणाली, "ह्या तुमच्यासाठी. उकडून खाजा."

खाल्ल्या. मीठ जास्त पडलं.

रविवार, १९ जानेवारी

पाहुणे उपासनेनंतर नागपूरला गेले. पास्टरांना म्हणालो, पुढच्या वर्षीही दुभाष्या मीच.

मंगळवार, २१ जानेवारी

कबरीच्या दगडाचा मजकूर दगडवाला ऑक्टोबरपासून मागतोय. आज बसलो. पेन्सिलला टोक काढलं, पट्टीनं रेघ मारली. नाव. जन्मतारीख. मग दुसरी तारीखही लिहिली. शाई फिरवली, सुकू दिली, कागदाची घडी घालून खिशात ठेवली. चपला घातल्या, कुलूप लावलं आणि द्यायला निघालो.