रुखवतातला चमचा

दादा, माझी लेक, तुमची नात, लोकरीचे मोजे आणायला बाजारात गेली आहे. ती यायच्या आत तुमच्याशी या कागदावर बोलून घेते. तुम्ही तिला पाहिलंच नाही, ती पोटात असताना तुम्ही गेलात. आता ती नद्यांचं पाणी मोजायच्या नोकरीला लागली आहे आणि आज संध्याकाळच्या गाडीने हिमाचलाकडे निघाली आहे, बर्फाचं पाणी वाहतं त्या नद्यांवर. दरड कोसळून वाट बंद झालीच तर निभाव लागावा म्हणून तिच्या साहेबांनी प्रत्येकाला तंबाखूच्या डबीएवढी पत्र्याची डबी जवळ ठेवायला सांगितली आहे. तिच्यात काडेपेटी, थोडी तंगूस म्हणजे तीच आपली नायलॉनची दोरी, आणि मासा फसवायला एक नकली आमिष. एकच, दुसरं मावत नाही.

काल तिने दुकानातून आणलेली आमिषं पलंगावर मांडली आणि म्हणाली, "आई, तू नदीवर वाढलेली. एकच न्यायचं तर कोणतं नेऊ, सांग ना." लग्न झाल्यापासून मला माशाबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं. मी अशी खुलले, दादा, की तुमच्याच तोऱ्यात बोलायला लागले. पिसांचं नको, डबीत ओलं राहून कुजतं. रबरी मासा गारठ्याने कडक होतो आणि पहिल्याच चाव्यात त्याची शेपूट जाते. लाकडी दिसायला छान, पण दगडावर आपटलं की संपलं. राहता राहिला चमचा, म्हणजे पाण्यात फिरताना छोट्या माशासारखा चमकणारा धातूचा तुकडा, त्यात तुटण्यासारखं काही नसतं. गार पाण्यात मासा तळाशी गप्प पडून असतो, तो कशाच्या मागे धावत नाही. म्हणून चमचा चांगला जड हवा, त्याच्या तोंडापुढे सोडून हळूहळू हलवता येईल असा. ती ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे आजोबांच्या पितळी चमच्यासारखा? तू सांगायचीस तो. कुठंय गं तो?" आणि मी म्हणाले, "हरवला. घर बदललं तेव्हा गेला कुठंतरी."

हरवला कसला! कपाटात माझ्या लग्नाच्या शालूच्या घडीत आहे. ती बिचारी "असू दे" म्हणाली आणि दुकानातला पातळ चमचा तिने डबीत ठेवला. तो इतका हलका आहे की भराभर ओढला तरच फिरतो. गार पाण्यातला मासा धावत नाही हे आत्ताच सांगून झालेलं, तरी मी तिला तोच ठेवू दिला. झाकण तिने लावलं आणि मी बघत बसले.

तुमचा चमचा मला अजून आईच्या ओरडण्यासकट आठवतो. मुदखेडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आईच्या रुखवतातल्या पितळी चमच्यांतला एक गायब झाला आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही ड्युटीवरून आलात ते खिशात दांडा कापलेला, दोन्हीकडे भोकं पाडलेला चमचा घेऊन, त्याला तीन तोंडांचा गळ लावलेला. आई म्हणाली, "बापानं दिलेला चमचा माशाला चारला का वो तुमी? लाज न्हाई वाटत?" तुम्ही म्हणालात, "चारला न्हाई, दावला." त्या दिवशी तुम्हाला जेवायला वाढलं ते मीच. मासा तर तिने कधी स्वयंपाकघरात येऊच दिला नाही. मागच्या दारी तीन विटा मांडून तुम्ही मासा शिजवताय, मी फुंकणीने जाळ करतेय, आणि आई आतून विचारतेय, "मीठ घातलं का?"

सुट्टी आली की पॅसेंजरने नांदेड आणि तिथून उसन्या सायकलवर आपण विष्णुपुरीला नदी गाठायचो. तुमचा एक नेम होता. आपल्याला मासा लागला आणि शेजारच्याला लागला नाही, तर उठताना आपल्या दोरीचं आमिष सोडून त्याच्या दोरीला बांधायचं. एका पौषात देगलूरकडचा एक माणूस सकाळपासून रिकामा बसला होता. आपल्याला मरळ मिळाली होती. तुम्ही सरळ पितळी चमचा सोडलात आणि त्याच्या दोरीला बांधलात. मी सायकलच्या दांड्यावर बसून नांदेडपर्यंत भोकाड पसरलं. शेवटी तुम्ही सायकल थांबवून दटावलंत, "गप बस! चमचा पाण्यात हाय तवर त्यो मासा देतोय. घरात नेऊन ठिवला की नुसतं भांडं." काही दिवसांनी तो माणूस मुदखेड स्टेशनवर आला. सगळ्यांना विचारत होता, "बायकोचा चमचा कापलेला अण्णा कोन हाय इथं?" चमचा त्याने घासून लख्ख करून आणला होता. आईला हे कळलं तेव्हा ती पहिल्यांदा त्या चमच्यावर हसली.

माझ्या लग्नात तुम्ही तो चमचा माझ्या हातात दिलात. म्हणालात, "रुखवतातला हाय, रुखवतात जाऊ दे." सासर माळकरी. तिथे माशाचं नाव काढायची सोय नव्हती, म्हणून तो शालूत गेला आणि तुमच्यामागे तिथेच राहिला. सासू-सासरे गेल्यालाही बरीच वर्षं झाली. मला नदीवर जायला कुणी अडवलं नव्हतं. मी नेला नाही. कधीमधी काढते, दाताने तंगूस तोडताना तुमचा दात कडेला लागून पडलेला ओरखडा चाचपते, ठेवून देते. भांडंसुद्धा नाही, दादा, मी त्याचा देव करून ठेवला. आणि पोटची पोर बर्फात निघाली तर तिच्यापुढे तो हरवला म्हणून हात झटकले. तुम्ही परक्या माणसाला दिलात. मला लेकीला देववला नाही.

आत्ता तिची डबी उघडली. पातळ चमचा काढला आणि तुमचा ठेवला. बसला बरोबर. जुना गळ गंजलाय, तो सोडून दुकानातल्याचा नवा गळ लावला. ती आली की म्हणणार आहे, "अगं, सापडला बघ." लपवून ठेवला होता हे सांगायला जीभ रेटत नाही. तुम्ही असतात तर माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखलं असतंत.

फाटक वाजलं, आलीच ती. हा कागद कुठे धाडू? तुमचा गंजका गळ यातच गुंडाळते आणि शालूच्या घडीत ठेवते. त्याला आता मासा लागायचा नाही, कुणाच्या उपयोगाचा नाही तो. तेवढा मात्र मी तिला दिलेला नाही, दादा.