लाल दिव्यावरची पट्टी

बाबा,

गाडीची किल्ली मी नेली आहे, शोधत बसू नका. ऑइलच्या लाल दिव्यावर तुम्ही चिकटवलेली काळी पट्टी मी काढली. “सेन्सर बिघडलाय, उगाच बोंबलतो,” म्हणालात ना? सेन्सर काढून तिथे गॅरेजमधला ऑइलचा दाब मोजायचा मीटर लावून पाहिला. इंजिन थंड असताना काटा वर होता, तापल्यावर पार तळाला गेला. ऑइल पुरेसं आहे, म्हणजे आतली बेअरिंग झिजलीत. दिवा खरंच सांगत होता.

फडकं शोधायला गाडीतला कप्पा उघडला, तर पट्टीच्या रिळाखाली तुमच्या छातीच्या तपासणीच्या रिपोर्टचं पाकीट होतं. मागच्या महिन्याचं, अजून बंद. मी उघडलेलं नाही. संध्याकाळी दोघं मिळून उघडू. चहा थर्मासमध्ये आहे.

रीळ मात्र फेकून दिलंय.

— धाकटी